ठिसूळ हाडं आणि खुब्याचं ऑपरेशन: इम्प्लांट ठरवण्याआधी काय बघायचं (बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बायकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी)

माझी आई 72 वर्षांची, खानापूर तालुक्यातल्या गावात राहते, दोन वर्षांमागे पावसाळ्यात न्हाणीत घसरून पडली आणि खुबा मोडला. बेळगावात आणलं, एक्स-रे झाला, आणि अर्ध्या तासात एक जण हातात छापील कागद घेऊन आला, त्यावर इम्प्लांटचे, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याचे, तीन रेट होते, इंडियन, इम्पोर्टेड आणि सिरॅमिक, "कुठला घालायचा सांगा, मटेरियल मागवायचं आहे." मी आणि भाऊ एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो, कारण आम्हाला वाटलं महाग म्हणजे आईसाठी चांगलं, आणि आम्ही जवळजवळ सिरॅमिकला हो म्हणणार होतो.

वाचलो ते मावशीमुळं. मावशी 68 ची, चार वर्षांमागं तिचाही खुबा बदलला होता, दुसऱ्या गावात, भारीतला इम्पोर्टेड घालून. पाचव्या आठवड्यात खुर्चीतून उठताना मांडीत कट्ट आवाज झाला, इम्प्लांटच्या दांड्याभोवतीचं मांडीचं हाडच उभं चिरलं होतं. परत ऑपरेशन, लांब दांडा, भोवती तारा, आणि सहा महिने अंथरूण. नंतर ज्या डॉक्टरांनी ते दुसरं ऑपरेशन केलं त्यांनी एक्स-रे लावून दाखवला आणि म्हणाले की इम्प्लांटमध्ये काही दोष नव्हता, या हाडात तो ज्या पद्धतीनं, म्हणजे सिमेंट न भरता ठोकून, बसवला ती पद्धत चालणारी नव्हती. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं म्हणून त्या दिवशी मी रेटच्या कागदाऐवजी डॉक्टरांना विचारलं, "सिमेंट घालणार की बिनसिमेंट?" सगळं बोलणं तिथून बदललं.

म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, शेवटचा निर्णय तुमच्या सर्जननी तुमचा एक्स-रे बघूनच घ्यायचा, पण काय विचारायचं हे आधी माहीत असलं तर तो निर्णय तुमच्यासमोर, तुम्हाला कळेल असा होतो.

1. हाड नेमकं कुठं मोडलंय ते आधी कळून घ्या

आपल्याकडं सगळ्यालाच "खुबा मोडला" म्हणतात, पण दोन वेगळ्या जागा आहेत आणि दोन्हीचं ऑपरेशन वेगळं.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि त्याखालची मान, म्हणजे फीमर नेक, ती मोडली आणि हाड सरकलं तर वयस्कर बाईमध्ये बहुतेक वेळा गोळा बदलावा लागतो, कारण गोळ्याला होणारा रक्तपुरवठा मानेतूनच जातो, तो तुटला की हाड जुळून येईल याचा भरवसा नसतो. मोडलेली जागा मानेच्या खाली, रुंद भागात असेल, ज्याला ट्रोकँटरिक फ्रॅक्चर म्हणतात, तर सहसा सांधा बदलत नाहीत, आत रॉड घालतात (पीएफएन म्हणून ऐकायला मिळेल) नाहीतर प्लेट-स्क्रू.

शेजारच्या बाईचा गोळा बदलला म्हणून आपल्यालाही तोच पाहिजे असं धरून बसू नका. आमच्या वॉर्डात एका आजींच्या घरचे यावरूनच भांडत होते, आणि डॉक्टरांचं बरोबर होतं, त्यांना रॉडच पाहिजे होता.

ज्यांचं पडून मोडलेलं नाही, पण संधिवातानं किंवा गोळ्याचं रक्त बंद होऊन सांधा खराब झालाय, अशांनाही पुढचं बरंचसं लागू आहे. फरक एवढाच की तुमच्याकडं वेळ आहे, तो वापरा.

2. पहिले दोन दिवस

पडल्यावर पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, उचलता येत नाही, तर चालवून बघू नका. पाय आहे तसाच उशांचा आधार देऊन सपाट झोपवून न्यायचं.

आता एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्या भागात हाड बांधणाऱ्याकडं न्यायची सवय अजून आहे, मनगट मुरगळलं की लोक जातात. खुब्याला ते अजिबात चालत नाही. बाहेरून पट्टी बांधून ती जागा धरली जात नाही आणि तेल लावून चोळलं तर मोडलेली टोकं अजून सरकतात. आईच्या शेजारच्या खाटेवर नंदगडकडच्या एक आजी होत्या, बारा दिवस घरी पाला बांधून ठेवलेल्या, आल्या तेव्हा पाठीला जखम झाली होती आणि छातीत कफ भरला होता, ऑपरेशनआधी तेच बरं करण्यात आठवडा गेला.

तब्येत साथ देत असेल तर फ्रॅक्चरचं ऑपरेशन 24 ते 48 तासांत व्हावं असंच जगभर धरतात. उशीर झाला की निमोनिया, पायात रक्ताच्या गाठी, पाठीच्या जखमा, गोंधळल्यासारखं बोलणं, हे सगळं वाढतं. म्हणजे "कोल्हापूरला नेऊ का मिरजेला, का गोव्याला" ही चर्चा दोन दिवस घालण्यासारखी नाही. जिथं न्यायचं ते एकदा ठरवा आणि थेट तिथंच न्या.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, नावं सांगत बसू नका, पाकिटंच दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती पहिल्या पाच मिनिटांत सांगा, त्यावर ऑपरेशनची वेळ आणि भूल ठरते. आणि दम्याच्या किंवा वाताच्या स्टेरॉइडच्या गोळ्याही दाखवा, त्या गावातल्या दवाखान्यातून वर्षानुवर्षं चालू असतात आणि घरच्यांना माहीतही नसतं की ते स्टेरॉइड आहे, आणि तेच हाड ठिसूळ करत असतं.

3. सोबत काय काय पाहिजे

- आधार कार्ड, पेशंटचं आणि सोबत राहणाऱ्याचं
- रेशन कार्ड मूळ, झेरॉक्स किमान चार
- आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते
- सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र (याबद्दल पुढं लिहिलंय)
- जुने एक्स-रे, ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), शुगर-थायरॉइडचे रिपोर्ट
- चालू औषधांची पिशवी
- आधीची ऑपरेशनं, त्यात गर्भपिशवी काढली असेल तर कोणत्या वर्षी
- रक्त द्यायची तयारी असलेले दोन माणसं

नावाचं बघा. आधारवर "लक्ष्मीबाई", रेशन कार्डावर कन्नडमध्ये "लक्ष्मव्वा", एकीकडं माहेरचं आडनाव एकीकडं सासरचं, याच्यामुळं आमच्या ओळखीतल्या दोघींचं योजनेचं काम अडकलं होतं. ज्यांची आई साठीच्या पुढं आहे त्यांनी हे आजच, कोण पडायच्या आधी, दुरुस्त करून ठेवा.

4. हाड किती ठिसूळ आहे हे मोजायचं कसं

डेक्सा नावाचा स्कॅन असतो, दुखत नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्यात टी-स्कोअर येतो, उणे 1 पर्यंत ठीक, उणे 1 ते उणे 2.5 म्हणजे हाड पातळ व्हायला लागलंय, उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. प्लॅन करून ऑपरेशन असेल तर हा आधीच करून घ्या.

पण फ्रॅक्चर होऊन आलात तर डेक्सासाठी ऑपरेशन थांबवू नका. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला ह्याचाच अर्थ हाड ठिसूळ आहे, त्याला वेगळा दाखला लागत नाही.

इम्प्लांटसाठी डॉक्टर दुसरी गोष्ट बघतात, साध्या एक्स-रेवर. मांडीच्या हाडाच्या आत पोकळी असते, तरुण माणसात ती वरून खाली निमुळती होत जाते आणि भिंती जाड असतात. ठिसूळ हाडात भिंती कागदासारख्या पातळ होतात आणि पोकळी वरपासून खालपर्यंत एकसारखी रुंद, पाण्याच्या पाइपासारखी दिसते. डॉक्टर लोक याला डॉर टाइप ए, बी, सी म्हणतात, सी म्हणजे तो पाइप. "डॉक्टर, आईचं हाड डॉर कुठल्या टाइपचं आहे?" हे विचारा. मावशीचं सी होतं, आणि ते कुणी आम्हाला सांगितलंच नव्हतं.

बायकांमध्ये हे जास्त का, तर पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाड झिजायचा वेग वाढतो. आपल्या खेड्यांत कितीतरी बायकांची गर्भपिशवी पस्तिशी-चाळिशीत काढलेली असते, सोबत अंडाशयही काढले असतील तर त्या वयातच पाळी गेल्यासारखं होतं, म्हणजे हाड झिजायला दहा-पंधरा वर्षं आधी सुरुवात. आईचं तसंच होतं, 38 व्या वर्षी. तीस वर्षांत एकदाही कुणी हाडाबद्दल बोललं नाही.

5. इम्प्लांटचे पर्याय, एक एक करून

इम्प्लांट म्हणजे एक वस्तू नाही, तीन-चार भाग असतात. मांडीच्या हाडात जाणारा दांडा म्हणजे स्टेम, त्यावरचा गोळा म्हणजे हेड, कमरेच्या बाजूची वाटी म्हणजे कप, आणि वाटीच्या आतलं अस्तर म्हणजे लायनर. रेटच्या कागदावर जे इंडियन-इम्पोर्टेड-सिरॅमिक लिहिलेलं असतं ते बहुतेक कंपनी आणि गोळा-अस्तराबद्दल असतं. ठिसूळ हाडात खरी अडचण दांड्याची असते, आणि तिच्याबद्दल त्या कागदावर एक ओळ नसते.

अर्धा सांधा की पूर्ण

फक्त गोळा आणि दांडा बदलला, कमरेची वाटी स्वतःचीच ठेवली, तर तो अर्धा, हेमी. त्यात बायपोलर म्हणजे गोळ्यात गोळा, तो आपल्याकडं सगळ्यात जास्त घालतात. वाटीसुद्धा बदलली तर पूर्ण, टोटल हिप.

घरातल्या घरात चालणारी, वय जास्त, बाकी आजार भरपूर, अशांना बहुतेक अर्धाच पुरतो, ऑपरेशन लहान होतं आणि गोळा निसटायची भीती कमी. जी बाई पडायच्या आधी काठीशिवाय बाजारात जात होती, शेतात जात होती, डोकं शाबूत आहे, तिच्याबाबतीत टोटलचा विचार होतो. आधीच संधिवात असेल तर टोटलच, कारण खराब वाटीत अर्धा घालून दुखणं राहतं. 2019 साली 1,495 रुग्णांचा एक मोठा अभ्यास आला होता, दोन वर्षांत परत ऑपरेशन लागायच्या प्रमाणात टोटल आणि अर्ध्यात ठळक फरक दिसला नव्हता, म्हणून कुणी "टोटल नाही केलं तर आईवर अन्याय" असं म्हणून घाबरवलं तर घाबरू नका.

आईला दमा, चालणं अंगणापर्यंतचं, म्हणून बायपोलर ठरलं.

"ऑस्टिन मूर" असं नाव ऐकलंत तर लक्ष द्या. हा जुना, स्वस्त, बिनसिमेंटचा एकसंध गोळा-दांडा आहे. त्यात मांडी दुखायचं आणि दांडा सैल व्हायचं प्रमाण जास्त, चालत्या-फिरत्या बाईसाठी दुसरा पर्याय मिळतो का ते विचारा.

सिमेंट की बिनसिमेंट

सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि सगळ्यात कमी बोललं जातं हेच.

बिनसिमेंटचा दांडा कसा बसतो, तर कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारतात ना तसा. हाडाची पोकळी कोरून त्यात किंचित मोठा दांडा ठोकून घट्ट बसवायचा, दांड्याचा पृष्ठभाग खरबरीत असतो, पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत आपलं हाड त्यात वाढून धरतं. लाकूड चांगलं असेल तर पाचर वर्षानुवर्षं हलत नाही. पण लाकूड किडलेलं असेल तर? एक तर ठोकतानाच चिरतं, नाहीतर पाचर सैल बसून हळूहळू खाली जाते. ठिसूळ हाडाचं तसंच. ऑपरेशन टेबलावर चिरणं, नंतर दांडा खचणं, किंवा मावशीसारखं पाच-सहा आठवड्यांत हाड फुटणं.

सिमेंटच्या पद्धतीत पोकळी स्वच्छ धुऊन त्यात बोन सिमेंट भरतात आणि दांडा त्यात बसवतात. हे घर बांधायचं सिमेंट नाही, पीएमएमए नावाचं प्लास्टिकच्या जातीचं द्रव्य आहे, दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं, त्यात बऱ्याचदा जंतूंविरुद्धचं अँटिबायोटिक मिसळलेलं असतं. ठोकायचा जोर लागत नाही, पोकळी रुंद असली तरी सिमेंट ती भरून काढतं, आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्ण वजन टाकता येतं.

ब्रिटनमध्ये खुब्याचं फ्रॅक्चर झालेल्या साठीपुढच्या 1,225 रुग्णांवर अभ्यास झाला, 2022 मध्ये छापून आला, अर्ध्या सांध्याच्या ऑपरेशनवर. इम्प्लांटभोवती हाड मोडायचं प्रमाण सिमेंटवाल्यांत 0.5 टक्के, बिनसिमेंटवाल्यांत 2.1 टक्के, आणि चार महिन्यांनी सिमेंटवाल्यांची तब्येतही बरी होती. अमेरिकेतल्या हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेचाही 2021 चा सल्ला मानेच्या फ्रॅक्चरला सिमेंटचाच दांडा असा आहे.

मग बिनसिमेंटला लोक "लेटेस्ट" का म्हणतात? कारण तरुण, जाड हाडाच्या माणसात तो चांगला चालतो आणि ऑपरेशनला वेळही कमी लागतो. सिमेंट म्हणजे जुनं असं मीही ऐकलं होतं. सिमेंटचा खुबा इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1960 च्या दशकात रुळवला, म्हणजे पद्धत जुनी हे खरं, पण जुनी म्हणून वाईट होत नाही, उलट इतकी वर्षं बघितलेली आहे. बहुतेक वेळा सिमेंटचा दांडा स्वस्तही पडतो.

सिमेंटची भीती कशाची ते पण सांगते, लपवण्यासारखं काही नाही. सिमेंट दाबून भरताना काही पेशंटचं बीपी आणि ऑक्सिजन एकदम खाली येतं, क्वचित जिवावर बेततं. हृदय किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल तर धोका जास्त. आईला दमा म्हणून मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना थेट जाऊन विचारलं, त्यांनी इको बघितला, म्हणाल्या, "आम्ही सिमेंट भरताना तयारीत असतो, पोकळी नीट धुतली की धोका कमी होतो." तेवढ्यावर माझा जीव थोडा खाली आला. ज्यांचं हृदय फारच कमजोर आहे त्यांच्यात डॉक्टर मुद्दाम बिनसिमेंट निवडतात, तो चुकीचा निर्णय नसतो. अशा वेळी दांड्याला वर कॉलर असलेला मिळेल का एवढं विचारा, ती कडा हाडावर टेकते आणि दांडा खचायचं कमी होतं.

वाटी (फक्त टोटल करणाऱ्यांनी वाचा)

दांडा सिमेंटचा आणि वाटी बिनसिमेंटची, स्क्रूनं पक्की केलेली, याला हायब्रिड म्हणतात आणि ठिसूळ हाडात हे भरपूर वेळा करतात. फारच मऊ हाड असेल तर वाटीही सिमेंटची.

गोळा आणि अस्तर

धातूचा गोळा आणि हायली क्रॉसलिंक्ड पॉलिथिलिनचं (एक टिकाऊ प्लास्टिक) अस्तर, सत्तरीच्या बाईला हे पुरेसं. या नव्या पॉलिथिलिनची झीज जुन्यापेक्षा फार कमी आहे. साठीच्या आत-बाहेर असाल, पुढं पंचवीस वर्षं चालायचं असेल तर सिरॅमिक गोळा आणि हेच अस्तर याचा विचार करा, परवडत असेल तर. सिरॅमिकवर सिरॅमिक घेण्यासाठी सोनं गहाण टाकू नका, 75 वर्षांच्या बाईला त्याचा उपयोग जाणवण्याआधी बाकीचे प्रश्न येतात. धातूवर धातू मात्र नको म्हणा. त्यातून धातूचे कण रक्तात जातात, लहान मापाच्या गोळ्यांत, म्हणजे बायकांत, त्रास जास्त झाला, आणि 2010 मध्ये त्यातला एक प्रकार जगभरातून परत मागवावा लागला होता.

गोळ्याची मापं 28, 32, 36 मिलिमीटर अशी. मोठा गोळा सहज निसटत नाही, पण आपल्या बायकांची वाटी लहान असते, त्यात बसेल तेवढाच घालता येतो.

ड्युअल मोबिलिटी

लहान गोळा मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात आणि तो वाटीत, दोन ठिकाणी हालचाल, म्हणून सांधा निसटायची शक्यता कमी. 1970 च्या दशकात फ्रान्समध्ये निघालं. पार्किन्सन (कंपवात), लकव्यानंतरचा कमजोर पाय, विसरभोळेपणा म्हणजे "पाय दुमडू नको" हे लक्षातच राहणार नाही अशी बाई, यांच्यात टोटल करायचं असेल तर याचं नाव काढा.

6. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, कागदावर लिहून न्या

राउंडला डॉक्टर दोन मिनिटं असतात, त्यात आपल्याला काही सुचत नाही. मी वहीच्या पानावर लिहून नेले होते:

1. फ्रॅक्चर मानेचं की खालचं?
2. अर्धा की पूर्ण, आणि का?
3. दांडा सिमेंटचा का बिनसिमेंटचा? बिनसिमेंट असेल तर या हाडात का?
4. सिमेंट भरताना पोकळी दाबाच्या पाण्यानं धुणार का, सिमेंट पिचकारीसारख्या गननं भरणार का आणि पोकळीत खालच्या बाजूला बूच बसवणार का?
5. टेबलावर हाड चिरलं तर तारा आणि लांब दांडा तयार ठेवलाय का?
6. हाडाचं औषध कधी सुरू करायचं आणि कोण देणार?

चौथा आणि पाचवा प्रश्न विचारताना मला संकोच वाटला, डॉक्टरांना राग येईल असं वाटलं. त्यांनी उलट खुर्ची ओढून बसून सांगितलं.

संमतीपत्र आमच्याकडं कन्नड आणि इंग्रजीत आलं. सही करायच्या आधी "मराठीत समजावून सांगा" म्हणा, कुणी ना कुणी सिस्टर नाहीतर हाउसमन (शिकाऊ डॉक्टर) मराठी बोलणारे असतातच, भाषा कुठलीही असू दे, कळल्याशिवाय अंगठा उठवू नका.

7. पैसे आणि योजना

कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या 30 टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्य मित्र नावाचा माणूस बसलेला असतो, आधी त्याला शोधा, ॲडमिशनचे पैसे भरायच्या आधी. मोठ्या उपचारांना आधी सरकारी दवाखान्यात दाखवून रेफरल घ्यावं लागतं, आणीबाणीला सूट असते, तुमची केस कशात बसते ते आरोग्य मित्राकडूनच पक्कं करून घ्या. बेळगावात सरकारी म्हणजे सिव्हिल, बिम्स. सहकारी सोसायटीत सभासद असाल तर यशस्विनी योजनाही बघा, आपल्याकडं दूध सोसायटीमुळं बरीच घरं त्यात येतात.

महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ जाहीर केलाय. कोल्हापूर-मिरजेला न्यायचा विचार असेल तर पेशंट हलवायच्या आधी त्या दवाखान्यात फोन करून विचारा की माझ्या गावाच्या कागदावर ही केस घेताय का, आणि कुठला कागद लागेल. नेऊन मग विचारलं तर हाल होतात.

योजनेत ऑपरेशन असेल तर "पॅकेजमध्ये कुठला दांडा येतो?" हे विचारा. चांगली गोष्ट ही की ठिसूळ हाडासाठी लागणारा सिमेंटचा दांडा काही फार महागाची वस्तू नाही. वर पैसे भरून "अपग्रेड" करा म्हणून कुणी म्हणालं तर नेमकं कुठला भाग बदलणार ते विचारा. गुडघ्याच्या इम्प्लांटला सरकारनं 2017 मध्ये कमाल किंमत बांधून दिली, त्या आदेशात खुबा नव्हता, म्हणून बिलावर प्रत्येक भागाचं नाव आणि खोक्यावरची एमआरपी वेगवेगळी लिहून मागा.

8. घरी आणायच्या आधी घर तयार करा

आईला दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं केलं. फिजिओथेरपीवाली मुलगी कन्नड बोलणारी, ती रोज म्हणायची "कालु मडचबेडी", पाय दुमडू नका, आई घरी येईपर्यंत तेवढं कन्नड पक्कं शिकली.

पहिले सहा ते बारा आठवडे, तुमचे डॉक्टर सांगतील तेवढे, खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. म्हणजे पाटावर बसणं, मांडी घालणं, विळीवर चिरणं, भारतीय संडास, सगळं बंद. कमोडची खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते, डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच आणा. खुर्ची अशी पाहिजे की बसल्यावर गुडघा खुब्याच्या खाली राहील.

पाहुणे बघायला येतात तेव्हा खरा घोटाळा होतो. काकू-मामी जमिनीवर बसलेल्या बघून आईपण बसायला गेली, मी धावत जाऊन धरली. दिवाणखान्यातली चटई मी सहा आठवडे उचलूनच ठेवली.

न्हाणीतल्या शहाबादी फरशीचं शेवाळ घासून काढा, भिंतीला लोखंडी दांडी ठोका, उंबऱ्यावर फळी किंवा ठळक रंगाची पट्टी, रात्री दिवा. मोतीबिंदू असेल तर तो उरकून घ्या. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

पोटरी सुजली-दुखली, एकदम दम लागला, जखमेतून पाणी यायला लागलं, ताप आला, पाय एकदम आखूड किंवा वळलेला दिसला, तर सकाळची वाट बघू नका. रक्त गोठू नये म्हणून दिलेली गोळी किंवा इंजेक्शन सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण घ्या, मध्येच बरं वाटलं म्हणून सोडू नका.

9. हाडाचं औषध, जे बहुतेकजणी विसरतात

टाके निघाले, चालायला लागली, झालं, असं घरात सगळ्यांना वाटतं. हाड मात्र तेवढंच ठिसूळ आहे, दुसरा खुबा, मणका, मनगट, आणि इम्प्लांटभोवतीचं हाड, सगळं तसंच. मावशीला डिस्चार्ज कागदावर कॅल्शियमची गोळी सोडून काही नव्हतं. कॅल्शियम लागतंच, पण ते एकटं पुरत नाही.

झोलेड्रोनिक ॲसिड, वर्षातून एकदा सलाइनमधून, 5 मिलीग्रॅम. 2007 मध्ये खुब्याचं फ्रॅक्चर झालेल्यांवरचा अभ्यास आला, त्यात पुढची फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी झाले होते. ऑपरेशननंतर साधारण दोन आठवडे झाल्यावर देतात, त्याआधी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि किडनीची तपासणी. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येते, आईला आली, पॅरासिटामॉलनं गेली.

ॲलेंड्रोनेट, आठवड्याला 70 मिलीग्रॅमची गोळी. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं नाही. चहासोबत घेऊन परत झोपणाऱ्या बायका मी बघितल्यात, मग अन्ननलिकेला जळजळ होते आणि गोळी बंद.

डेनोसुमॅब, दर सहा महिन्यांनी कातडीखाली इंजेक्शन. हे चुकवायचं नाही आणि मनानं बंद करायचं नाही, बंद केलं की हाड वेगानं झिजतं आणि मणके मोडू शकतात. सहा महिन्यांनी नक्की येणं-जाणं जमणार असेल तरच सुरू करा.

टेरिपॅराटाइड, रोज घ्यायचं इंजेक्शन, हाड नवीन बनवणारं, फारच कमी टी-स्कोअर असेल तर. महाग आहे आणि फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, गावात लाइट जाते त्याचा विचार करा.

झोलेड्रोनिक, ॲलेंड्रोनेट किंवा डेनोसुमॅब सुरू करायच्या आधी दात काढायचा असेल तर काढून घ्या. आणि काही वर्षं औषध घेतल्यावर मांडीत किंवा जांघेत कारण नसताना दुखायला लागलं तर एक्स-रे काढा.

व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची पुडी किंवा गोळी बहुतेक वेळा आठवड्याला एक असते. आमच्या गल्लीत एका काकूंनी ती रोज घेतली होती, चिठ्ठी नीट वाचा. खाण्यात दूध, दही, तीळ, आणि आपली नाचणी, 100 ग्रॅममध्ये 300 मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे. रोजची गरज साधारण 1,000 ते 1,200 मिलीग्रॅम. आईनं आंबील परत सुरू केली.

10. स्टिकर जपून ठेवा

इम्प्लांटच्या प्रत्येक खोक्यात स्टिकर असतात, त्यावर कंपनी, माप, लॉट नंबर. दवाखाना ते फाइलला लावतो, तुम्ही एक-एक आपल्या वहीत लावून मागा आणि फोटो काढून दोघा-तिघांच्या फोनवर ठेवा. पुढं कधी परत ऑपरेशन लागलं, किंवा एमआरआय काढायचा झाला, तर पहिला प्रश्न हाच येतो की आत काय घातलंय. मावशीच्या वेळी ते स्टिकर मिळेनात, नवीन डॉक्टरांना एक्स-रे बघून अंदाजानं कंपनी ओळखावी लागली, त्यात चार दिवस गेले आणि ते चार दिवस ती ट्रॅक्शनला पाय बांधून पडून होती.

आईची वही मी देवाच्या फळीवर ठेवलीय, रेशन कार्डासोबत. पहिल्या पानावर स्टिकर, दुसऱ्यावर झोलेड्रोनिकच्या तारखा. सहा आठवडे, तीन महिने, एक वर्ष असे एक्स-रे झालेत, दांडा जागचा हललेला नाही. पुढचं इंजेक्शन गणपती झाल्यावर आहे.